वाचकांचे प्रश्न : जुळणी अँटेनाच्या टोकाशीच

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयावर आहेत. फोल्डेड डायपोल (नळी किंवा तार वळवून टोकं बंद केलेला अँटेना) बनवला, केबल जोडली, आणि पुढे अडलं. चारही पत्रं मराठवाड्यातली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. हौशी रेडिओचा परवाना काढणारे आपल्याकडे अजून थोडे आहेत, आणि स्वतःच्या हाताने अँटेना बनवणारे त्याहून थोडे. म्हणून पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. बाकीच्या उत्तरांचं बरंचसं मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी अंबाजोगाईला माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. जुन्या टीव्ही अँटेनाच्या ॲल्युमिनियम नळ्यांपासून दोन मीटर बँडसाठी (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) फोल्डेड डायपोल बनवून गच्चीवरच्या पाइपवर लावला. तिथून २० मीटर आरजी-५८ केबल खाली पाच वॅटच्या हँडीपर्यंत (हातात धरायच्या सेटपर्यंत) आणली. केबलची मधली तार एका टोकाला आणि जाळी दुसऱ्या टोकाला थेट जोडली आहे. खाली मीटर १.८ एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) दाखवतो, म्हणजे ठीकच म्हणायचं. तरी परळीच्या मित्राला माझा आवाज खरखरीत तुटक ऐकू येतो. शिवाय मल्टिमीटर लावला तर अँटेना सरळ शॉर्ट दाखवतो. नेमकं काय चुकतंय?

सर, आधी शॉर्टचं सांगतो, कारण ती काळजी बिनकामाची आहे. फोल्डेड डायपोल ही एकच नळी वळवून आणून बंद केलेली असते, फक्त खालच्या बाजूला मध्यभागी फट असते. मल्टिमीटरची बॅटरी डीसी देते, आणि डीसीला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धातू सापडतो. तो शून्य दाखवणारच. १४५ मेगाहर्ट्झला त्याच नळीवर वेगळा खेळ चालतो, आणि तिथे अँटेना शॉर्ट नसतो. उलट हा शॉर्ट एका दृष्टीने फार कामाचा आहे. शेवटच्या पत्रात त्यावर लिहिलं आहे.

आता खरी अडचण. साधा अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल मोकळ्या जागेत सुमारे ७३ ओहम दाखवतो. फोल्डेड डायपोलमध्ये तोच प्रवाह दोन नळ्यांत वाटला जातो. दोन्ही नळ्यांची जाडी सारखी असेल तर बरोबर निम्मा-निम्मा. केबल जिथे जोडता त्या नळीत निम्माच प्रवाह असतो, पण बाहेर पडणारी शक्ती तेवढीच असते. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे तुम्ही रोज वर्गात शिकवता. प्रवाह निम्मा आणि शक्ती तीच, तर रोध चौपट व्हायलाच हवा. म्हणून २९० ते ३०० ओहम. तुमची केबल आहे ५० ओहमची. गुणोत्तर सहा. अँटेनाच्या टोकाशी एसडब्ल्यूआर ६ आहे, आणि वर पोचलेल्या शक्तीपैकी जवळजवळ निम्मी तिथूनच माघारी फिरते.

मग खाली मीटर १.८ का दाखवतो? हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे भले भले अडकतात. आरजी-५८ ही बारीक केबल. १४५ मेगाहर्ट्झला तिच्यात १०० मीटरमागे साधारण २० डीबी जातात (डीबी हे ऱ्हासाचं माप, दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते), म्हणजे तुमच्या २० मीटरमध्ये ४ डीबी. मीटरपाशी पाच वॅट निघाले तर वर दोन पोचतात. त्यातला साधारण एक वॅट हवेत जातो आणि एक परत फिरतो. परत येताना तोही त्याच केबलमधून येतो, पुन्हा ४ डीबी गमावतो, आणि मीटरपाशी ०.४ वॅट म्हणून उगवतो. मीटरला दिसतं ते एवढंच, की पाच वॅट गेले आणि ०.४ आले. त्याचं गणित १.८ येतं. गळक्या पाइपातून वर चढवलेलं पाणी परत खाली सोडावं तसं हे आहे, वाटेत दोनदा गळतं आणि खाली धार बारीक दिसते. मीटर बिघडलेला नाही, तो चुकीच्या टोकाला लावला आहे. केबल जितकी लांब आणि जितकी हलकी, तितका खालचा आकडा गोड दिसतो. खरा एसडब्ल्यूआर पाहायचा तर मीटर किंवा ॲनालायझर अँटेनापाशी, वीतभर केबलवर लावून पाहा.

पाच वॅटमधला एक वॅट वापरून तुम्ही परळीशी बोलताय. मित्राला तुटक ऐकू येणारच.

दुसरी गोष्ट. डायपोलच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, कोॲक्स केबलच्या (मधली तार आणि भोवती जाळी असलेल्या गोल केबलच्या) नसतात. थेट जोडणीत जाळीच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह खाली वाहतो आणि केबलच अँटेना होऊन बसते. बोलताना केबलला हात लावून पाहा. मीटरचा काटा हलला तर हेच होतंय. तेव्हा तुम्हाला एकाच ठिकाणी दोन कामं करून हवीत : ३०० ओहम खाली आणायचे आणि दोन्ही बाजू समान ठेवायच्या. ही दोन्ही कामं केबलचाच एक तुकडा करतो. त्याला अर्ध्या तरंगाचा बॅलन म्हणतात.

मी लातूरला बरीच वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. त्या काळी अख्ख्या लातूरच्या गच्च्यांवरचे अँटेना तुमच्या गावच्या दूरदर्शन टॉवरकडे तोंड करून असत. त्या अँटेनाच्या मध्यभागी काळी प्लॅस्टिकची डबी असायची आणि तिच्यातून ३०० ओहमची चपटी रिबन वायर खाली यायची. डायपोल ३००, वायर ३००, टीव्हीचं टोक ३००. जुळणीचा प्रश्नच नव्हता. पुढे गोल केबल आली, तेव्हा ३०० चे ७५ करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लागू लागला. तुम्हाला तेच करायचं आहे, फक्त प्रक्षेपणाची शक्ती सोसेल अशा पद्धतीने.

बॅलन असा करा. १४५ मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी हवेत १०३.४ सेंटीमीटर. केबलमध्ये लहर हळू चालते. आत घट्ट पॉलिथिन असेल, जसं आरजी-५८ किंवा तांब्याच्या जाळीच्या आरजी-५९ मध्ये असतं, तर ०.६६ ने गुणा : ६८ सेंटीमीटर. आत फेसाळ पांढरं पॉलिथिन असेल तर गुणक ०.८२ ते ०.८५ च्या घरात जातो आणि तुकडा ८५ ते ८८ सेंटीमीटरचा होतो. नख रोवून पाहिलं की फेसाळ पॉलिथिन लगेच दबतं, घट्ट दबत नाही. माप जाळीपासून जाळीपर्यंत धरा आणि उघडी मधली तार दोन्ही टोकांना शक्य तितकी आखूड ठेवा.

या तुकड्याचा फास करा. फासाच्या दोन्ही टोकांच्या जाळ्या आणि खालून आलेल्या मुख्य केबलची जाळी, अशा तिन्ही एकत्र पिळून सोल्डर करा. ही जाळी डायपोलच्या फटीच्या टोकांना कुठेही लावायची नाही. मुख्य केबलची मधली तार आणि फासाच्या एका टोकाची मधली तार मिळून डायपोलच्या एका टोकाला. फासाच्या दुसऱ्या टोकाची मधली तार डायपोलच्या दुसऱ्या टोकाला. झालं.

हे चालतं कसं? अर्धी तरंगलांबी चालून गेलेला व्होल्टेज तेवढाच असतो, पण उलटा. एका टोकाला वर तर दुसऱ्याला खाली. डायपोलला दोन्ही मिळून दुप्पट व्होल्टेज मिळतो आणि दोन्ही बाजू आपोआप समान होतात. ३०० ओहमचे दोन समान भाग, जमिनीच्या हिशेबाने १५० आणि १५०, आणि केबलला ते समांतर दिसतात. उत्तर ७५. हा तुकडा ५० ओहमचा आहे की ७५ चा याने इथे फरक पडत नाही. अर्ध्या तरंगाची लाइन एका टोकाला जे असेल तेच दुसऱ्या टोकाला दाखवते.

आणि आता माझी आग्रहाची सूचना. आरजी-५८ काढून टाका. मुख्य केबल म्हणून केबल टीव्हीवाल्याकडची आरजी-६ घ्या. ती ७५ ओहमची आहे, बॅलनच्या ७५ शी थेट जुळते, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळते, आणि १४५ मेगाहर्ट्झला तिचा ऱ्हास आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी आहे, १०० मीटरला सुमारे ८ डीबी. तुमच्या २० मीटरमध्ये दीड डीबीच्या आसपास जाईल. खाली हँडीला ७५ ओहम दिसतील, एसडब्ल्यूआर १.५, परत फिरणारी शक्ती फक्त ४ टक्के. आज एक वॅट हवेत जातोय, तिथे तीन वॅटच्या वर जाईल.

एक सावधगिरी. आरजी-६ ची जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते. तिला सोल्डर चिकटत नाही, कितीही फ्लक्स लावा. तिथे एफ कनेक्टर दाबून बसवा आणि बॅलनच्या बाजूला एफ सॉकेट ठेवा. फासासाठी मात्र तांब्याच्या जाळीचीच केबल घ्या. ॲल्युमिनियम नळीवर तांब्याची तार थेट आवळू नका. ओल लागली की सांध्यात गंज धरतो आणि एका पावसाळ्यात जोड सैल पडतो. मध्ये टिनचा मुलामा असलेला लग आणि स्टेनलेसचा स्क्रू घाला. सांधा बंद करायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. रबरी स्वतः चिकटणारी टेप गुंडाळून वरून साधी टेप मारा, आणि केबलला सांध्याच्या खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

बॅलन वर चढवण्याआधी टेबलावर तपासा. १५० ओहमचे दोन दोन-वॅटी कार्बन रेझिस्टर सिरीजमध्ये घेऊन डायपोलच्या जागी लावा. वायरवाउंड नको, त्यात तारेची गुंडाळी असते. हँडी कमीत कमी शक्तीवर ठेवून क्षणभरच दाबा. मीटरने १.५ च्या आसपास दाखवलं तर फास बरोबर कापला गेला. मग अँटेना.

राहिलं एक, जे तुमच्या पत्रात नाही. डायपोल आडवा लावलाय की उभा? टीव्हीच्या सवयीने आडवा लावला असेल तर उभा करा. एफएमवर दोन मीटरचे सगळे हँडी आणि गाडीवरचे अँटेना उभे असतात. आडव्या-उभ्याच्या फरकाने सिग्नल इतका घटतो की बॅलनची सगळी कमाई त्यात बुडेल. उभा करताना लोखंडी पाइपपासून ५० सेंटीमीटर दूर, आडव्या दांडीवर धरा आणि केबल डायपोलशी काटकोनात बाहेर काढा.

प्रश्न : काका, मी हिंगोलीची, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या एका अंकातलं वाचून फासाचा बॅलन केला. आमच्या प्रयोगशाळेत ५० ओहमचीच केबल आणि कनेक्टर आहेत. एसडब्ल्यूआर १.५ वर अडकला आहे. तो १ कसा करू? एक सीनियर म्हणतो की त्याच्या यागीवर याच बॅलनने १.१ येतो, मग माझ्याकडे का नाही?

तुझा १.५ हा बिघाड नाही, ते उत्तरच आहे. ३०० भागिले ४ म्हणजे ७५, आणि ७५ भागिले ५० म्हणजे दीड. तुझी मापं बरोबर आली याचा तो पुरावा आहे. चार टक्के शक्तीसाठी तू अँटेना पुन्हा उतरवावास असं मला वाटत नाही.

सीनियरचंही खरं आहे. यागी म्हणजे एका दिशेला रोखलेला अनेक दांड्यांचा अँटेना. त्यात डायपोलच्या मागे रिफ्लेक्टर आणि पुढे डायरेक्टर नावाच्या दांड्या असतात. ते जवळ आले की डायपोलचा ७३ खाली येतो. रचना अशी बेतली की साधा डायपोल ५० ओहम दाखवेल, तर फोल्डेड २०० दाखवतो आणि चारने भागला की थेट ५०. एकट्या डायपोलला तसे शेजारी नाहीत.

तरी शिकण्यासाठी करायचं असेल तर जरूर कर, कारण ही युक्ती सुंदर आहे आणि तुझ्या प्रयोगवहीत शोभेल. ५० आणि ७५ ओहमच्या केबलचे दोन छोटे तुकडे उलट क्रमाने मध्ये घालायचे. खालून ५० ओहमची मुख्य केबल, मग ७५ चा तुकडा, मग ५० चा तुकडा, आणि पुढे बॅलनचे ७५. प्रत्येक तुकडा तरंगलांबीच्या ०.०८१५ पट, म्हणजे साधारण बाराव्या भागाचा. १४५ मेगाहर्ट्झला, ०.६६ च्या केबलमध्ये, ११ सेंटीमीटर. फेसाळ ७५ ची केबल असेल तर तो तुकडा १४ सेंटीमीटरच्या आसपास. एरवी पाव तरंगाच्या जुळणीला ६१ ओहमची केबल लागली असती, आणि ती बाजारात मागून मिळत नाही. इथे हातात असलेल्या दोनच केबलींवर काम भागतं. स्मिथ चार्टवर (जुळणीचं गणित आकृतीने सोडवण्याच्या गोल आलेखावर) दोन्ही तुकडे काढून पाहा, बिंदू कसा वळसा घेऊन मध्यावर येतो ते दिसेल.

आणखी एक तपास. तुझ्या डायपोलच्या दोन्ही नळ्या सारख्या जाडीच्या आहेत ना? केबल लागलेली नळी बारीक आणि दुसरी जाड असेल तर गुणाकार चारच्या वर जातो, उलट असेल तर चारच्या खाली येतो.

प्रश्न : सेलूजवळ शेतात राहतो. ४० मीटर बँडसाठी ३०० ओहमच्या रिबनचाच फोल्डेड डायपोल केलाय, दोन लिंबांमध्ये, जमिनीपासून पाचएक मीटरवर. उन्हाळ्यात सेट बरा चालायचा. पाऊस पडला की एसडब्ल्यूआर बदलतो. खाली ट्यूनर (सेट आणि केबल जुळवून देणारा डबा) लावू का? आणि टीव्हीचा छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर घरात पडून आहे, तो चालेल का?

टीव्हीचा तो ट्रान्सफॉर्मर फक्त ऐकण्यासाठी बनलेला असतो. बोटाच्या पेराएवढा फेराइट, केसाएवढी तार. प्रक्षेपणाची शक्ती त्यात घालू नका, तापून निकामी होईल. एचएफसाठी (४० मीटरसारख्या कमी वारंवारतेच्या बँडसाठी) चार-एकचा, म्हणजे रोध चौथ्या हिश्श्यावर आणणारा, फेराइट बॅलन घ्या किंवा बनवा, तुमच्या सेटच्या शक्तीला पुरेल असा.

तुमचा डायपोल २० मीटर लांबीचा आहे आणि पाच मीटरवर, म्हणजे तरंगलांबीच्या आठव्या भागाइतकाच उंच. इतक्या खाली तो ३०० ओहम दाखवतच नाही, बराच कमी दाखवतो. जमीन त्याच्या हिशेबात येते. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून वाळते तेव्हा विजेला वेगळी आणि पाण्याने भरते तेव्हा वेगळी. दुसरं कारण रिबन. तिच्यावरची धूळ आणि त्यावर बसलेलं पाणी लहरीचा वेग बदलतं. ओल्या कापडाने रिबन पुसून काढा, फरक दिसेल. लिंबाच्या ओल्या फांद्यांना टोकं टेकत असतील तर दोरी वाढवून ती मोकळी करा, टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त असतो. आणि जमेल तर दहा मीटरवर न्या. उंची वाढली की जमिनीची लुडबूड कमी होते. खाली येणारीही रिबनच असेल तर ती लोखंडी खांबाला किंवा पत्र्याला चिकटवू नका, हातभर दूर ठेवा.

ट्यूनरबद्दल माझं मत असं : रिबन थेट ट्यूनरपर्यंत आणत असाल आणि ट्यूनरला समतोल लाइनची सोय असेल, तर खुशाल लावा. कोरड्या रिबनमध्ये ७ मेगाहर्ट्झला ऱ्हास फार थोडा, त्यामुळे एसडब्ल्यूआर चढला तरी नुकसान होत नाही. पण दोन मीटरवर, लांब बारीक कोॲक्सच्या खालच्या टोकाला ट्यूनर लावणं म्हणजे सेटचं समाधान करणं. केबलमध्ये जाणारी शक्ती जातच राहते.

या वॅटांसाठी मी एवढा हट्ट का धरतो, तेही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर हौशी रेडिओवाले आपले सेट घेऊन लातूर भागात आले आणि त्यांनी निरोप पोचवले. अशा वेळी वीज नसते, सेट बॅटरीवर चालतो, आणि बॅटरीतला प्रत्येक वॅट मोजून येतो. तो केबल तापवण्यात घालवायचा की हवेत पाठवायचा, हे आपण आज गच्चीवर ठरवतो. आपल्याच जिल्ह्यातले परवानाधारक आपल्याच बनवलेल्या, नीट जुळलेल्या अँटेनावर तयार असावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

प्रश्न : धाराशिव. वळवाच्या पावसात आमच्याकडे विजा फार. फोल्डेड डायपोल सुरक्षित असतो असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. वरच्या अखंड नळीच्या बरोबर मध्यावर व्होल्टेज शून्य असतो, त्यामुळे तो बिंदू धातूच्या दांडीला थेट आवळता येतो आणि जुळणीवर परिणाम होत नाही. दांडी पाइपला आणि पाइप जाड तारेने जमिनीतल्या अर्थिंगला जोडा. ढगांमुळे आणि कोरड्या धुळीच्या वाऱ्यामुळे अँटेनावर साठणारा भार मग सेटमध्ये न जाता जमिनीत उतरतो. अंबाजोगाईच्या सरांना मल्टिमीटरवर दिसलेला शॉर्ट इथे उपयोगी पडतो. केबल घरात शिरण्याआधी तिची जाळीही त्याच अर्थिंगला जोडा आणि तिथे लाइटनिंग अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीत वळवणारा जोड) बसवा.

पण थेट पडलेल्या विजेपुढे यातलं काहीही टिकत नाही. आभाळ भरून आलं की केबल सेटपासून काढा आणि घराबाहेर ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर कनेक्टरला हात लावायला जाऊ नका, आणि गच्चीवर तर मुळीच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी बोलणं संपलं की केबल काढूनच उठायचं.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना केबलचा प्रकार, तिची लांबी, अँटेनाची उंची, आणि मीटर कुठल्या टोकाला लावला होता, एवढं न विसरता लिहा.